अंशाचे चिन्ह मराठी मजकुरात अचूक कसे उमटवावे

लसींच्या फ्रिजवर लावायची सूचना संगणकाच्या पडद्यावर ‘२ ते ८ अंश’ अशी नीट दिसते, आकड्यांच्या डोक्यावर वर्तुळेही व्यवस्थित बसलेली असतात. पण तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याचे ‘२० ते ८०’ होते. ज्याने तो टाइप केला त्याला ही चूक दिसत नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये सर्व काही जागच्या जागी असते. चूक दिसते ती वाचणाऱ्याला, आणि त्यालाही नेहमी कळतेच असे नाही. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, हे ठाऊक असलेला कर्मचारी ‘२० ते ८०’ वाचून थबकेल. परंतु नवा माणूस आकड्यावर विश्वास ठेवण्याची शक्यता असते.

या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा एकाच सवयीत असते. अंशाचे चिन्ह कीबोर्डवर सापडत नाही म्हणून शून्य टाइप केले जाते आणि सुपरस्क्रिप्टचे बटण दाबून ते वर उचलले जाते. रोमन शून्य थोडे लांबट असल्यामुळे बारकाईने पाहणाऱ्याला तिथे निदान शंका येऊ शकते. आपले देवनागरी शून्य मात्र मुळातच गोल आहे. ते लहान करून वर चढवले की खऱ्या चिन्हात आणि त्यात डोळ्याला काहीही फरक उरत नाही. म्हणूनच मराठीत ही चूक अधिक घातक ठरते आणि ती पकडण्यासाठी नजरेवर विसंबून चालत नाही.

इंदुरात यात आणखी भर पडते. येथे मराठी मजकूर ज्या टायपिंग सेंटरमध्ये किंवा ज्या घरगुती संगणकावर तयार होतो, तेथील मांडणी सहसा हिंदीसाठी बसवलेली असते. अनेकांचा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळमांडणीवर बसलेला असतो, जुन्या फाइली कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये असतात आणि एकच पत्रक हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांत काढावे लागते. पुढील टप्पे हीच परिस्थिती धरून लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण आधी टाइप करून मग फाइल रूपांतरित केली तर केलेले सर्व काम पुन्हा करावे लागते.

१. एक अक्षरही टाइप करण्यापूर्वी रूप ठरवावे

तापमान लिहिण्याची तीन रूपे मराठीत चालतात. सलग मजकुरात ‘४२ अंश सेल्सिअस’ असे शब्दांत लिहिणे सर्वांत सुरक्षित असते, आणि माझ्या मते लेख, बातमी किंवा पत्र यांत तेच करावे. तक्ता, फलक, उपकरणावरील सूचना अशा अपुऱ्या जागेच्या ठिकाणी ‘४२ °से’ हे चिन्हरूप सोयीचे पडते. प्रयोगशाळेचा अहवाल, औषधाचे वेष्टन किंवा परगावी जाणारी तांत्रिक कागदपत्रे यांत मात्र ‘से’ न लिहिता अंशचिन्हापुढे रोमन लिपीतील मोठे ‘सी’ अक्षर द्यावे. कारण आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत एककांची चिन्हे भाषेप्रमाणे बदलत नाहीत, आणि ‘°से’ ही मराठी वाचकासाठी केलेली सोय आहे, आंतरराष्ट्रीय चिन्ह नव्हे. फॅरनहाइटलाही हेच नियम लागू होतात. एका कागदपत्रात एकच रूप ठेवावे.

शब्द आणि चिन्ह यांची सरमिसळ टाळावी. ‘४२° अंश’ किंवा ‘४२° डिग्री’ यांत एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. केल्विनला अंशचिन्ह लागत नाही. ‘३०० केल्विन’ हे बरोबर आणि ‘३००° केल्विन’ हे चूक.

सावधान: हिंदी-मराठी अशा जोडपत्रकात ‘से’ हा संक्षेप वापरू नये. हिंदी वाचक ‘२ से ८’ हे ‘२ ते ८’ असे वाचतो, त्यामुळे ‘२ से ८ से’ अशी ओळ तयार झाली तर तिचा अर्थ लावणे कठीण होते. मराठीत ‘से.’ हा सेकंदाचाही संक्षेप आहे. अशा पत्रकात ‘सेल्सिअस’ हा शब्द पूर्ण लिहावा, थोडी जागा अधिक गेली तरी चालेल.

२. फाइल युनिकोडात आहे याची खात्री करावी

कृतिदेव आणि त्यासारखे जुने फॉन्ट देवनागरी अक्षरे साठवत नाहीत. ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतात. अशा फाइलमध्ये अंशचिन्हाच्या क्रमांकाच्या जागी फॉन्ट बनवणाऱ्याने दुसराच आकार बसवलेला असू शकतो. त्यामुळे खरे चिन्ह घातले तरी भलतेच काही दिसते, आणि मग टाइप करणारा नाइलाजाने शून्य वर उचलतो. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच आहे: चिन्ह घालण्यापूर्वी मजकूर युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणावा.

पडताळणी सोपी आहे. मजकुरातील एक ओळ निवडावी आणि तिचा फॉन्ट बदलून ‘मंगल’ किंवा ‘निर्मला यूआय’ करावा. ओळ मराठीच राहिली तर फाइल युनिकोडात आहे. ओळीच्या जागी रोमन अक्षरांची असंबद्ध रांग दिसू लागली तर फाइल जुन्या फॉन्टमधील आहे. बदल रद्द करून पुढील कृती करावी.

रूपांतर करणारी बहुतेक साधने मजकूर साध्या रूपात घेतात. त्यात ठळक, तिरपे, वर उचललेले असे सर्व स्वरूपण गळून पडते, आणि ‘४०’च्या डोक्यावर बसवलेले शून्य खाली उतरून त्याचे ‘४००’ होते. म्हणून रूपांतरापूर्वी पुढील तयारी न चुकता करावी.

मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. वर्डमधील शोध-खिडकी उघडून शोधायच्या रकान्यात काहीही न लिहिता केवळ सुपरस्क्रिप्ट हे स्वरूपण निवडावे आणि सापडलेले प्रत्येक ठिकाण पिवळ्या रंगाने रंगवावे. हाताने बघत जाण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण डोळा एखादे शून्य गाळतो, शोध गाळत नाही. नंतर या रंगवलेल्या प्रतीची पीडीएफ काढावी किंवा कागदावर छापून घ्यावी. मग रूपांतर करावे, आणि रूपांतरित मजकूर समोर ठेवून छापील प्रतीतील प्रत्येक पिवळ्या ठिकाणी उतरलेले शून्य हाताने पुसून खरे चिन्ह घालावे.

सावधान: हे काम ‘सगळे एकदम बदला’ या आज्ञेने करण्याचा मोह होतो. ‘०से’ शोधून त्या जागी ‘°से’ घातले की ‘१०सेमी’चे ‘१°सेमी’ होते. जेथे चिन्ह मुळात नव्हतेच आणि आकडाच ‘४०से’ असा लिहिलेला होता, तेथे चाळीस अंशांचे चार अंश होतात. शून्य खरे की वर उचललेले, हे रूपांतरानंतर संगणक सांगू शकत नाही. ते केवळ मूळ प्रत सांगते.

३. सारखी दिसणारी चिन्हे वेगळी ओळखावीत

संगणक आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. अंशचिन्हाचा युनिकोड क्रमांक १७६ आहे. सोळाच्या पायात, म्हणजे संगणकाच्या षोडशमान पद्धतीत, लिहिल्यास तो ००बी० असा होतो. याच्या जवळपास दिसणारी पुढील चिन्हे मराठी फाइलींमध्ये वारंवार सापडतात, आणि ती सर्व चूक आहेत.

देवनागरी शून्य, क्रमांक २४०६, आणि रोमन शून्य, क्रमांक ४८. हे दोन्ही स्वरूपणाने वर उचललेले असतात आणि स्वरूपण गेले की खाली येतात. यांविषयी वर सांगितलेच आहे.

वरच्या बाजूस कायम बसलेले शून्य, क्रमांक ८३०४. हे घातांकासाठी असलेले स्वतंत्र चिन्ह आहे. ते चिकटवल्यावर खाली उतरत नाही, म्हणून पुष्कळांना ते खात्रीचे वाटते. परंतु शोध, डेटाबेस किंवा मजकूर एकसारखा करणारी सॉफ्टवेअरे अनेकदा चिन्हांना साध्या रूपात आणणारी युनिकोडची सुसंगत-रूप प्रक्रिया चालवतात, आणि त्या प्रक्रियेत या चिन्हाचे साधे शून्य होते. ‘२५’पुढे ते असेल तर परिणाम पुन्हा ‘२५०’ असाच येतो, फक्त तो काही महिन्यांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर दिसतो. खऱ्या अंशचिन्हाला असे कोणतेही पर्यायी रूप नाही, त्यामुळे ते या प्रक्रियेतून जसेच्या तसे बाहेर येते.

देवनागरी लाघवचिन्ह ॰, क्रमांक २४१६. हिंदीत ‘डॉ॰’ असे लिहिताना वापरले जाणारे हे चिन्ह हिंदी टाइपिंगची सवय असणाऱ्यांच्या हाताशी असते. काही फॉन्टमध्ये ते ओळीच्या मध्यावर, काहींत जरा वर बसते, आणि लहान अक्षरांत ते अंशासारखे भासते. ते संक्षेपाचे चिन्ह आहे. तापमानाशी त्याचा संबंध नाही.

उंचावलेले रोमन ‘ओ’, क्रमांक १८६. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रम दाखवण्यासाठी ते असते. काही फॉन्टमध्ये त्याखाली बारीक रेघ असते, काहींत नसते. रेघ नसली की ते ओळखणे अशक्यप्राय होते. सुसंगत-रूप प्रक्रियेत त्याचे साधे ‘ओ’ अक्षर होते.

अक्षरावरील कडे, क्रमांक ७३०. युरोपीय भाषांतील काही अक्षरांवर येणारे हे कडे सुटे लिहिण्यासाठी आहे. मॅकवर ते एका चुकीच्या कळीने सहज उमटते.

याखेरीज अंश आणि रोमन ‘सी’ एकत्र जोडलेले एकच चिन्ह, क्रमांक ८४५१, उपलब्ध आहे. ते पूर्व आशियाई जुन्या संकेतनांशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेले आहे. युनिकोडची शिफारस अंशचिन्ह आणि अक्षर वेगवेगळे लिहिण्याची आहे, आणि मराठी मजकुरात तर ते वापरण्याचे काहीच कारण नाही. पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये ते नसते.

४. चिन्ह टाइप करावे

आता प्रत्यक्ष कळा. पुढे जे कोड दिले आहेत ते रोमन अंकांत आणि रोमन अक्षरांतच टाइप करायचे आहेत, आणि त्यापूर्वी कीबोर्ड मराठी किंवा हिंदीवरून इंग्रजीवर आणावा. हे विसरल्यामुळेच ‘कोड चालत नाही’ अशी तक्रार सर्वाधिक येते.

विंडोजवर ऑल्ट कळ दाबून धरावी, उजवीकडील अंककळांवर ०१७६ टाइप करावे आणि ऑल्ट सोडावी. नम-लॉक चालू असावे लागते, आणि वरच्या ओळीतील अंक यासाठी चालत नाहीत. सुरुवातीचे शून्य गाळू नये. अनेक इंटरनेटवरील याद्यांमध्ये ऑल्ट आणि १६७ असे दिलेले आढळते. त्याने उंचावलेले ‘ओ’ उमटते, अंश नव्हे. ज्या लॅपटॉपवर अंककळा नाहीत, तेथे वर्डमध्ये ००बी० लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबावे. कोडापूर्वी एक जागा अवश्य सोडावी, कारण रोमन आकड्याला चिकटून कोड लिहिला तर तो आकडाही कोडात ओढला जातो आणि तिसरेच चिन्ह निघते. वर्ड नसेल तर विंडोजमधील कॅरॅक्टर मॅप उघडून तेथून चिन्ह उचलावे.

मॅकवर अमेरिकन इंग्रजी मांडणी निवडून ऑप्शन, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबावे. येथे विशेष जपावे लागते: ऑप्शन आणि शून्य दाबले तर उंचावलेले ‘ओ’ येते आणि ऑप्शन आणि के दाबले तर कडे येते. तिन्ही पडद्यावर जवळजवळ एकसारखीच दिसतात.

लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून ००बी० लिहावे आणि एंटर दाबावे. कंपोझ कळ ठरवलेली असेल तर कंपोझ आणि त्यानंतर दोनदा रोमन ‘ओ’ हा मार्ग अधिक जलद आहे.

अँड्रॉइडवरील जीबोर्डमध्ये चिन्हांच्या दुसऱ्या पानावर अंशचिन्ह असते. आयफोनवर अंकांच्या पानावरील शून्य दाबून धरले की ते वर येते. मराठी मांडणीत ते दिसले नाही तर क्षणभर इंग्रजीवर जावे. चिन्ह घातल्यावर पुन्हा मराठीवर यावे.

रोज तापमाने लिहावी लागत असतील तर प्रत्येक वेळी कोड आठवत बसू नये. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये ‘अंअं’ यासारखा, मराठीत कधीही न येणारा संक्षेप ठरवावा आणि त्याच्या बदल्यात अंशचिन्ह नोंदवावे. ही नोंद साध्या मजकुराची असावी, स्वरूपणासह नव्हे. फोनवर हेच काम वैयक्तिक शब्दकोशातून होते. टायपिंग सेंटरमध्ये चार संगणक असतील तर चारही ठिकाणी तोच संक्षेप ठेवावा, नाहीतर एका माणसाची सवय दुसऱ्या संगणकावर चुकीचे शून्य बनून येते.

५. जागा, ओळ आणि उणे चिन्ह

आंतरराष्ट्रीय नियमानुसार तापमानाचा आकडा आणि अंशचिन्ह यांच्यामध्ये एक जागा असते, आणि अंशचिन्ह व अक्षर यांच्यामध्ये नसते: ‘३७ °से’. ‘३७° से’ असे लिहिण्याची सवय मोठी आहे, पण तशी जागा सोडली की ओळीच्या शेवटी ‘३७°’ राहते आणि ‘से’ पुढच्या ओळीवर जाते.

आकडा आणि चिन्ह यांच्यामधील जागा न तुटणारी असावी, म्हणजे ‘३७’ एका ओळीवर आणि ‘°से’ दुसऱ्या ओळीवर असे होत नाही. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस. मॅकवर ऑप्शन आणि स्पेस. विंडोजवर इतरत्र ऑल्ट आणि ०१६०. ही जागा पडद्यावर साध्या जागेसारखीच दिसते, म्हणून वर्डमध्ये अदृश्य खुणा दाखवण्याचे बटण दाबून पाहावे. साधी जागा ठिपक्यासारखी आणि न तुटणारी जागा लहान वर्तुळासारखी दिसते. ते वर्तुळ पाहून ‘येथे दोन अंशचिन्हे पडली’ असे समजून पुसू नये. ती केवळ खूण आहे, छापली जात नाही.

कोनासाठी नियम वेगळा आहे. ‘९०°’ यात जागा सोडायची नाही. अक्षांश-रेखांशही याच पद्धतीने लिहावेत: इंदूर सुमारे २२°४३′ उत्तर आणि ७५°५१′ पूर्व येथे आहे. कलेचे (अंशाच्या साठाव्या भागाचे) चिन्ह ′ हे क्रमांक ८२४२ आणि विकलेचे (कलेच्या साठाव्या भागाचे) ″ हे ८२४३. त्याऐवजी अवतरणचिन्ह टाइप केले तर वर्ड ते वाकडे करते आणि नकाशाखालील ओळ अवतरणासारखी दिसू लागते.

शून्याखालील तापमानाला छपाईत खरे उणे चिन्ह, क्रमांक ८७२२, द्यावे: ‘−१८ °से’. संयोगचिन्हाची कळ दाबून आलेली आडवी रेघ आखूड असते, आणि ती व्याप्तीच्या रेघेसारखी वाचली जाते. पोलिओची तोंडाने द्यायची लस ज्या साठ्यात −१५ ते −२५ °से तापमानात ठेवली जाते, तेथील फलकावर ‘-१५--२५’ असे लिहिणे धोक्याचे आहे. व्याप्ती नेहमी ‘ते’ या शब्दाने दाखवावी. रेघ आणि उणे यांचा गोंधळ त्याने कायमचा मिटतो.

६. पडताळणी: तीन चाचण्या, याच क्रमाने

पहिली चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. संपूर्ण मजकूर उचलून नोटपॅडसारख्या साध्या संपादकात चिकटवावा. तेथे स्वरूपण टिकत नाही, त्यामुळे वर उचललेले प्रत्येक शून्य खाली उतरते. ‘२० से’, ‘४२० से’ असे आकडे दिसले की चुकीची जागा सापडली. या चाचणीत कायम वर बसलेले शून्य, उंचावलेले ‘ओ’ आणि कडे मात्र पकडले जात नाहीत. ते तसेच वर राहतात.

म्हणून दुसरी चाचणी शोधाची. कीबोर्डवरून अचूक टाइप केलेले एक अंशचिन्ह शोध-खिडकीत घालावे आणि किती ठिकाणी सापडते ते पाहावे. नंतर ‘से’ या संक्षेपापूर्वी वर्तुळ असलेली ठिकाणे मोजावीत. दोन संख्या जुळल्या नाहीत तर उरलेली वर्तुळे बनावट आहेत. काही शोधपद्धती सारख्या चिन्हांना एकच मानतात, म्हणून संख्या जुळली तरी तिसरी चाचणी निदान चार-पाच ठिकाणी करावी.

तिसऱ्या चाचणीत क्रमांकच विचारायचा. शंका असलेले एकच चिन्ह उचलून एक्सेलच्या रिकाम्या रकान्यात चिकटवावे आणि शेजारच्या रकान्यात युनिकोड हे सूत्र लावावे. उत्तर १७६ आले पाहिजे. १८६, ७३०, २४१६ किंवा ८३०४ आले तर वर दिलेल्या यादीत पाहून चूक कोणती ते कळेल. ४८ किंवा २४०६ आले तर ते शून्य आहे. वर्डमध्ये हेच काम चिन्ह रिकाम्या ओळीवर एकटे चिकटवून, कर्सर त्याच्यापुढे ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबल्याने होते: ००बी० दिसले पाहिजे. पुन्हा तीच कळ दाबली की चिन्ह परत येते.

स्कॅन केलेल्या कागदावरून मजकूर उचलला असेल तर या तीनही चाचण्यांवर न थांबता प्रत्येक तापमान मूळ कागदाशी ताडावे. अक्षरओळख करणारी साधने अंशचिन्हाला शून्य समजतात, आणि देवनागरी आकड्यांजवळ तर ती हमखास फसतात. तेथे चिन्ह चुकलेले नसते, आकडाच बदललेला असतो. म्हणून चिन्हाची चाचणी त्याला पकडू शकत नाही.

७. मजकूर पुढे पाठवताना

एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यात चिन्ह टाइप करू नये. ‘४२ °से’ असे लिहिले की तो मजकूर होतो, संख्या राहत नाही, आणि सरासरी काढता येत नाही. एकक स्तंभाच्या शीर्षकात एकदाच लिहावे आणि खाली फक्त आकडे ठेवावेत. प्रत्येक आकड्याशेजारी चिन्ह दिसायलाच हवे असेल तर रकान्याच्या सानुकूल अंकस्वरूपात दुहेरी अवतरणात °से लिहावे. मग दिसते चिन्हासह, पण साठते केवळ संख्या. आकडे मोजायचे असतील तेथे उणेसाठी साधी संयोगरेघेची कळच वापरावी. छपाईचे खरे उणे चिन्ह घातले तर आकडा मजकूर समजला जाण्याचा धोका असतो. तक्ता सीएसव्ही रूपात (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) द्यायचा असल्यास ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा.

यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत अंशचिन्ह दोन बाइटमध्ये साठवले जाते. समोरच्या संगणकाने फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेतनात उघडली तर त्या दोन बाइटची दोन चिन्हे होतात आणि अंशाच्या आधी टोपी घातलेले रोमन ‘ए’ दिसते. असे दिसले तर ते अक्षर एकेक करून पुसत बसू नये. फाइल बंद करून यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडावी. हाताने पुसून जतन केले की शेजारची मराठी अक्षरेही कायमची बिघडतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि तीही त्याच वेळी फुटलेली असतात.

संकेतस्थळावर चिन्ह थेट लिहावे, मात्र पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची घोषणा असावी. एसएमएसमध्ये एक बाब ध्यानात ठेवावी: मोबाइलच्या मूळ सात-बिटी वर्णमालेत अंशचिन्ह नाही, त्यामुळे इंग्रजी संदेशात ते एकदा आले की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते. मराठी संदेशाला ७० चीच मर्यादा असते, म्हणून मराठीत चिन्ह घातल्याने मर्यादा घटत नाही.

छपाईसाठी देताना सर्वांत अधिक जपावे. काही छापखान्यांत युनिकोड मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये आणून मांडणी केली जाते, आणि दुसऱ्या टप्प्यात टाळलेली चूक तेथे नव्याने शिरते. शक्य असेल तर फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यावी. मांडणी छापखान्यातच होणार असेल, तर सोबत सर्व तापमानांची वेगळी यादी शब्दांत लिहून द्यावी, ‘बेचाळीस अंश’, ‘उणे अठरा अंश’ अशी, आणि प्रूफ आल्यावर त्या यादीवरून एकेक आकडा खुणेने तपासावा. अंशचिन्ह इतर अक्षरांहून जाड किंवा खाली-वर दिसत असेल तर त्या फॉन्टमध्ये ते नाही आणि संगणकाने दुसऱ्या फॉन्टमधून आणले आहे, असे समजावे. उपाय फॉन्ट बदलणे हा आहे. चिन्ह बदलून दिसायला बरे असे दुसरे वर्तुळ बसवणे हा नव्हे.

८. ओहम, मायक्रो आणि केल्विन

हीच पद्धत इतर एककचिन्हांना लागते. फरक फक्त क्रमांकांचा आहे. रोधाच्या ओहमसाठी युनिकोडात स्वतंत्र चिन्ह, क्रमांक ८४८६, असले तरी ग्रीक मोठे ओमेगा, क्रमांक ९३७, वापरावे. दोन्ही समतुल्य मानली जातात आणि मजकूर एकरूप करताना पहिल्याचे दुसरे होते. केल्विनसाठीही स्वतंत्र चिन्ह न घेता साधे रोमन ‘के’ घ्यावे. मायक्रोची दोन रूपे आहेत, १८१ आणि ९५६, आणि ती साध्या एकरूपीकरणात एक होत नाहीत. त्यामुळे एका फाइलमध्ये एकच ठेवावे, नाहीतर शोध अर्धाच लागतो.

मायक्रोच्या बाबतीत एक चूक अशी आहे की तिच्यापुढे अंशाची चूक लहान वाटावी. जुन्या कागदपत्रांत ‘सिंबॉल’ नावाचा फॉन्ट लावून रोमन ‘एम’ या अक्षराचे ‘म्यू’ केलेले असते. फॉन्ट गळला की ते पुन्हा ‘एम’ होते, म्हणजे मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होते आणि मात्रा हजारपट वाढते. पडद्यावर हा बदल अगदी स्वाभाविक दिसतो, कारण मिलिग्रॅम हे एककही तितकेच ओळखीचे आहे. औषधाची मात्रा असलेल्या मराठी कागदात म्हणूनच चिन्ह न घालता ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा, आणि जुनी फाइल हाती आली तर रूपांतर करण्यापूर्वी सिंबॉल फॉन्टमधील प्रत्येक अक्षर शोधून त्याची नोंद घ्यावी.